सूतिका आणि व्रणिता : सिझेरियननंतरच्या घरच्या परिचर्येविषयी

सूतिकापरिचर्या हा आपल्या शास्त्रातील असा विषय आहे की ज्यासाठी वैद्याला आजही घरात मानाने बोलावले जाते. ज्वर आला तर घरचे लोक अन्यत्र जातील, हाड मोडले तर जातीलच. परंतु बाळंतिणीला काढा कोणता द्यावा, तेल कोणते लावावे, डिंकाचे लाडू केव्हा सुरू करावेत, हे विचारायला सुशिक्षित कुटुंबातील आजी अजूनही वैद्याकडेच येते. हा विश्वास आपण मिळवलेला आहे तितकाच वारसाने आलेला आहे, आणि म्हणूनच तो जपताना अधिक सावध असले पाहिजे. ही सावधगिरी जेथे सर्वांत अधिक हवी आणि जेथे ती कमी पडताना आम्हांस दिसते, त्या एका गोष्टीकडे वैद्यबंधु-भगिनींचे लक्ष वेधावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. ती गोष्ट म्हणजे शस्त्रक्रियेने प्रसूत झालेल्या स्त्रीची घरी होणारी शुश्रूषा.

प्रथम वस्तुस्थिती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) देशातील १७.२ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्याची नोंद होती. पाचव्या फेरीत (२०१९-२१) हे प्रमाण २१.५ टक्के झाले. महाराष्ट्रात ते २५.४ टक्के आहे, म्हणजे चारांतील एक बाळंतीण. देशभरातील खासगी रुग्णालयांचा विचार केला तर हाच आकडा ४७.४ टक्क्यांवर जातो. यांतील किती शस्त्रक्रिया अपरिहार्य होत्या, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. लोकसंख्येच्या पातळीवर हे प्रमाण दहा टक्क्यांच्या पुढे गेल्याने माता व नवजात यांचे मृत्यू आणखी कमी होत असल्याचे दिसत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली स्पष्ट केले आहे. परंतु तो वाद येथे करावयाचा नाही. जी स्त्री आपल्या दारात येते तिच्या पोटावर व्रण असतो; तो टाळता आला असता की नाही, या चर्चेने तो भरून येत नाही.

आता आपल्या ग्रंथांकडे वळू. चरकाच्या शारीरस्थानाचा आठवा अध्याय, सुश्रुताच्या शारीरस्थानाचा दहावा, अष्टांगहृदयाच्या शारीरस्थानाचा पहिला आणि काश्यपसंहितेच्या खिलस्थानातील सूतिकोपक्रमणीय अध्याय, ही आपली आधारस्थाने. या सर्वांत जी सूतिका वर्णिली आहे ती योनिमार्गाने प्रसूत झालेली आहे. तिचे पोट रिक्त आहे, वात प्रकुपित आहे, धातू शिथिल आहेत. पण तिच्या उदरावर शस्त्र चाललेले नाही. स्नेहपान, उदरवेष्टन, उष्णोदकाचा परिषेक, यवागू, क्रमाने बृंहण, हा सारा उपक्रम त्या स्त्रीसाठी आहे. कुक्षी फाडून गर्भ बाहेर काढण्याचा उल्लेख सुश्रुताच्या निदानस्थानात मूढगर्भाच्या अध्यायात येतो. पण तो माता मृत झाली असून कुक्षीत स्पंदन जाणवत असेल तेव्हाचा आहे. उदर व गर्भाशय छेदूनही माता जिवंत राहील, सहाव्या-सातव्या दिवशी बाळ कुशीत घेऊन घरी येईल आणि वैद्यास तेल कोणते लावू असे विचारील, ही अवस्था संहिताकारांच्या काळी संभवनीयच नव्हती. संज्ञाहरण, रक्तसंक्रमण आणि जंतुनाशक औषधे यांनी ती पुढे संभवनीय केली. यात आपल्या ग्रंथांचा कमीपणा नाही. मात्र ग्रंथात नसलेली अवस्था ग्रंथात आहे असे समजून चिकित्सा करणे, हा कमीपणा आपला ठरेल.

तरीही आपण पूर्णतः निराधार नाही. उदरावर शस्त्रकर्म केलेल्या रुग्णाची परिचर्या सुश्रुताने चिकित्सास्थानाच्या चौदाव्या अध्यायात बद्धगुद व परिस्रावी उदराच्या संदर्भात सांगितली आहे: निवात घर, नियमित आचार, दुधाचा आहार. आणि व्रण असलेल्या कोणत्याही रुग्णाने कसे राहावे, काय खावे, काय टाळावे, यासाठी सूत्रस्थानाचा एकोणिसावा संपूर्ण अध्याय, व्रणितोपासनीय, आहे. सिझेरियन झालेली स्त्री ही एकाच वेळी सूतिकाही आहे आणि व्रणिताही आहे. आपल्याला दोन अध्याय एकत्र वाचावयाचे आहेत, आणि आपण बहुधा एकच वाचतो, हे आमचे मुख्य म्हणणे आहे.

हे दोन अध्याय एकमेकांशी सर्वत्र जुळत नाहीत, हेही मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. व्रणिताने तीळ, गूळ, पायस, खिचडी, पिष्टमय जड पदार्थ टाळावेत असे सुश्रुत सांगतो. आपल्याकडे बाळंतिणीच्या ताटात पहिल्या आठवड्यातच अळिवाची खीर आणि डिंकाचा लाडू येतो. व्रणिताला दिवसा झोप वर्ज्य; रात्रभर बाळासाठी जागलेल्या मातेला दुपारची झोप नाकारणे हे निर्दयपणाचे. त्याच सुश्रुताने व्रणिताच्या वर्ज्य यादीत दूध घातले आहे आणि उदरपाटनानंतर दूधच दिले आहे. अवस्था पाहून निर्णय करावा, हाच यातून निघणारा बोध. तयार उत्तर नाही तेथे युक्ती चालवावी लागते, आणि ती चालवण्यासाठी एक सूत्र हाताशी असावे. आम्ही आमच्या चिकित्सालयात पाळतो ते सूत्र असे: प्रारंभी व्रणाचे म्हणणे ऐकावे, व्रण रुजत जाईल तसतसे सूतिकेचे ऐकावे, आणि या दोहोंच्या आधी संकटाची लक्षणे नाहीत ना, हे रोज पाहावे.

या सूत्राने घरातल्या एकेका रिवाजाकडे पाहू.

तेल, पाणी, शेक, धुरी आणि पट्टा

मालीश करणारी बाई बाळंतिणीचे पोट दाबते, चोळते, 'घाण निघून जावी' म्हणून नाभीखाली जोर देते. प्राकृत प्रसूतीनंतरही हा जोर आम्हांस मान्य नाही. शस्त्रक्रियेनंतर तो सरळ धोक्याचा आहे. वर दिसणारी त्वचेची जखम ही अनेक थरांतील एक आहे. तिच्याखाली मेद, स्नायूंवरील कठीण पडदा, उदरकला आणि स्वतः गर्भाशय, असे सर्व थर छेदून शिवलेले असतात. त्वचा आठ-दहा दिवसांत जुळलेली दिसते, आतले थर त्याहून फार सावकाश बळकट होतात. म्हणून सहा आठवडे पूर्ण होऊन शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी तपासेपर्यंत पोटावर अभ्यंग नाही, हा नियम अपवादाविना सांगावा. डोके, मान, पाठ, खांदे, हात यांना हलक्या हाताने तेल लावण्यास हरकत नाही. बाळ पाजून अवघडलेल्या पाठीला त्याने खरोखर सुख वाटते. पाय चोळण्याबद्दल पुढे स्वतंत्र लिहिले आहे.

व्रणावर हळद, तूप, तेल, राख किंवा घरचा कोणताही लेप लावू नये. जखम स्वच्छ व कोरडी ठेवणे एवढेच तिला हवे असते. पट्टी काढल्यावर साध्या कोमट पाण्याने व सौम्य साबणाने अंग धुवावे, जखम घासू नये, स्वच्छ वेगळ्या फडक्याने टिपून घ्यावी. पोटाची घडी जखमेवर येत असेल तर तिच्याखाली ओल राहते आणि तेथेच बिघाड सुरू होतो. हे आवर्जून दाखवून द्यावे. टबात किंवा घंगाळात बसून राहणे जखम पूर्ण भरेपर्यंत टाळावे.

कढत पाण्याच्या स्नानाबाबत आणि शेकाबाबत एक गोष्ट घरच्यांना ठाऊक नसते. छेद घेताना त्वचेतील सूक्ष्म नाड्या कापल्या जातात, त्यामुळे व्रणाच्या आसपासचा भाग काही महिने बधिर राहतो. तेथे गरम पाण्याची पिशवी ठेवली किंवा कढत पाणी ओतले तर पोळले तरी त्या स्त्रीला कळत नाही. 'तिला सोसवत होते' हे अशा वेळी प्रमाण मानता येत नाही. पोटावर शेक नको. पाठीला, कमरेला द्यावयाचा तर फडक्यात गुंडाळलेला, सौम्य आणि थोडा वेळ.

खाटेखालची कोळशाची शेगडी आता पूर्ण बंद व्हावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही; माता आणि बाळ झोपेतच बेशुद्ध होऊ शकतात. निवात म्हणजे झोताचा वारा अंगावर न येणारी जागा; हवा कोंडलेली जागा नव्हे. व्रणिताच्या खोलीत धूपन सुश्रुताने सांगितले आहे हे खरे. परंतु ते खोलीसाठी आहे. धुरीचे निखारे बाळंतिणीच्या मांड्यांखाली सरकवून जखमेला धूर देणे, किंवा तोच धूर नवजाताच्या श्वासात जाऊ देणे, याला त्या वचनाचा आधार घेता येणार नाही.

उदरवेष्टन हा मात्र आपल्या परंपरेतील असा उपक्रम आहे की जो शस्त्रक्रियेनंतरही थोड्या विवेकाने ठेवता येतो. सैल बांधलेला रुंद सुती पट्टा उठता-बसता, खोकताना आधार देतो आणि चालण्याचे भय कमी करतो. तो इतकाच आवळावा की खाली हात सहज सरकेल. ओल्या किंवा वाहणाऱ्या जखमेवर तो नको, झोपताना नको, आणि 'पोट आत जावे' म्हणून करकचून बांधणे तर कधीच नको. त्याने श्वास कोंडतो आणि श्रोणीच्या शिथिल स्नायूंवरचा खालचा दाब वाढतो.

आहार

चरकाने सूतिकेला स्नेह द्यावयास सांगितला, पण तिला भूक लागली आहे हे जाणून आणि तिच्या शक्तीनुसार. ही अट आपण विसरतो. शस्त्रक्रिया आणि संज्ञाहरण यांनी आतड्यांची गती काही दिवस मंदावलेली असते. वायू सरला आहे का, मल साफ झाला आहे का, खरी भूक लागते आहे का, हे विचारल्यावाचून तुपाची वाटी पुढे करणे म्हणजे चरकाचे नाव घेऊन चरकाविरुद्ध वागणे होय. प्रथम पेज, मऊ भात, मुगाचे कढण, ताजी पालेभाजी, थोडे तूप. मग अग्नी पाहून पोळी, भाकरी, डाळी, दूध, आणि ज्यांच्या घरी चालते त्यांना अंडी, मांसरस. डिंक, अळीव, मेथी, खारीक, सुंठ या गोष्टी टाकाऊ नाहीत. पण पोट साफ होऊ लागल्यावर, साधारण दुसऱ्या आठवड्यात, लहान प्रमाणात सुरू कराव्यात. गर्भारपणात मधुमेह झालेल्या स्त्रीला साखर-गुळाचे लाडू आणि पाक देण्यापूर्वी तिची रक्तशर्करा पाहिलीच पाहिजे.

काही घरांत भात खाल्ला की टाके पिकतात, डाळीने पू होतो, पाणी प्यायले की पोट सुटते, अशा समजुतीने त्या स्त्रीला आठ-आठ दिवस कोरड्या पोळीवर आणि घोट-घोट पाण्यावर ठेवतात. टाके पिकतात ते जंतुसंसर्गाने. व्रण भरून येण्यासाठी मांसधातूचे पोषण लागते आणि ते डाळी, दूध, अंडी यांतूनच मिळते. पाणी तोडल्याने मलावष्टंभ होतो, मूत्रदाह होतो, रक्त दाट होते आणि शेवटी दूधही आटते. तहान लागेल तितके कोमट पाणी प्यावे, हे वैद्याने सांगितले तर सासू ऐकते. सुनेने सांगितले तर ऐकत नाही. आपल्या शब्दाचे वजन अशा ठिकाणी खर्चावे.

विश्रांती म्हणजे निश्चलता नव्हे

सव्वा महिना बाळंतिणीने खाटेवरून उतरू नये, या रिवाजामागे तिला कामातून सोडवण्याची करुणा होती. ती करुणा ठेवावी, निश्चलता सोडावी. प्रसूतीनंतर रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते, आणि शस्त्रक्रियेने प्रसूत झालेल्या स्त्रीत पायाच्या खोल शिरांत गुठळी होण्याचा संभव योनिमार्गाने प्रसूत झालेल्या स्त्रीपेक्षा अधिक असतो. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर काही मिनिटांत प्राण जाऊ शकतो. रुग्णालयात पहिल्याच दिवशी आधार देऊन चालवतात ते यासाठी. घरी आल्यावर तो क्रम तुटू नये. जागेपणी दर दोन-तीन तासांनी उठून घरातल्या घरात चालावे, पडल्या पडल्या घोटे हलवावेत. उठताना सरळ न उठता प्रथम कुशीवर वळून हाताच्या आधाराने बसावे. खोकला किंवा शिंक येताना जखमेवर उशी धरावी. बाळाच्या वजनाहून अधिक काही सहा आठवडे उचलू नये: भरलेली बादली, पाण्याची कळशी, ओल्या कपड्यांची टोपली, मोठे मूल, काहीच नाही. उकिडवे बसून केर-फरशी नाही.

येथेच पाय चोळण्याचा प्रश्न येतो. काही वर्षांपूर्वी सिझेरियन होऊन अकरा दिवस झालेल्या एका तरुण स्त्रीला घरचे लोक आमच्याकडे घेऊन आले. तक्रार एवढीच की डावी पोटरी सुजून दुखते आहे, 'वात भरला' आहे, तेव्हा चांगले तेल द्यावे. मालीशवाली बाई सायंकाळी यावयाची होती. पोटरी उजवीपेक्षा स्पष्ट जाड होती, तप्त होती, दाबल्यावर दुखत होती. आम्ही तेल दिले नाही, पायाला हात लावू दिला नाही, आणि त्याच रिक्षाने त्यांना रुग्णालयात पाठवले. डॉप्लर तपासणीत खोल शिरेत मोठी गुठळी निघाली. ती स्त्री उपचारांनी बरी झाली. त्या सायंकाळी मालीश झाली असती तर काय घडले असते याचा विचार प्रत्येक वैद्याने करावा. एका पायाची सूज आणि वेदना ही सूतिकेत वातव्याधी समजण्यापूर्वी गुठळी नाही असे सिद्ध झाले पाहिजे.

औषधांविषयी

रुग्णालयाने दिलेली प्रतिजैविके 'उष्ण पडतात', वेदनाशामके 'दुधात उतरतात' असे सांगून ती बंद करण्याचा सल्ला आपल्यापैकी काही जण देतात. हे थांबले पाहिजे. प्रसूतीनंतर सामान्यतः देण्यात येणारी पॅरासिटॅमॉल, आयब्युप्रोफेन यांसारखी औषधे स्तन्यपानाला अनुकूल मानली जातात. वेदना दबली नाही तर ती स्त्री चालत नाही, मोकळी खोकत नाही, बाळाला नीट धरू शकत नाही. वेदना सोसण्यात कोणताही आरोग्यलाभ नाही. लोहाच्या गोळ्यांचेही तसेच. २०१८ साली सुरू झालेल्या अॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमानुसार प्रसूतीनंतर १८० दिवस लोह व फॉलिक आम्लाची रोज एक गोळी घ्यावयाची असते. आपण एखादा लोहकल्प देतो म्हणून ती सोडू नये.

आपली औषधे देतानाही नेमकेपणा हवा. रक्त पातळ ठेवण्याची इंजेक्शने चालू असतील तर तिच्या डॉक्टरांशी बोलल्याखेरीज गुग्गुळाचे कल्प देऊ नयेत. दशमूलारिष्टात स्वजन्य मद्यार्क असतो. बाटलीवर त्याचे प्रमाण ५ ते १० टक्के असे छापलेले आढळते. स्तनपान देणाऱ्या मातेला दशमुळाचा ताजा क्वाथ देता येत असताना अरिष्टाचा आग्रह कशासाठी? रसकल्प सूतिकेला नेहमीचे म्हणून लिहू नयेत. शतावरी अवश्य द्यावी, पण बाळाला वारंवार अंगावर घेतल्यावाचून कोणतेही स्तन्यवर्धन फळत नाही हेही सांगावे. जखमेवर भार येऊ नये म्हणून कुशीवर पडून, किंवा बाळाला काखेखालून धरून पाजण्याची पद्धत दाखवावी.

परत पाठवण्याची लक्षणे

सिझेरियनमध्ये गर्भाशय 'पुसून घेतात', म्हणून नंतर स्राव होत नाही, असे अनेकांना वाटते. तसे नाही. स्राव काही आठवडे होतो. तो तांबड्याचा तपकिरी, मग पांढुरका होत जातो. हा प्राकृत क्रम सोडून पुढीलपैकी काहीही दिसले तर औषध न देता त्याच दिवशी, आणि पहिल्या चार लक्षणांत त्याच क्षणी, रुग्णालयात पाठवावे:

१. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजेल असा रक्तस्राव, किंवा मोठ्या गाठी.
२. छातीत दुखणे, अकस्मात धाप लागणे.
३. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांसमोर अंधारी किंवा चमक, झटका. गर्भारपणात रक्तदाब नसला तरीही प्रसूतीनंतर सहा आठवड्यांपर्यंत तो धोकादायक वाढू शकतो.
४. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार, भ्रम, असंबद्ध बोलणे.
५. ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप.
६. जखम लाल, तप्त, सुजलेली होणे, पू किंवा पाणी येणे, टाका उसवणे, स्रावाला दुर्गंध.
७. एका पायाला सूज, पोटरीत वेदना.
८. लघवी अडणे वा जळजळणे. वाढती पोटदुखी, पोटफुगी, उलट्या.
९. बसल्यावर वाढणारी व आडवे होताच कमी होणारी डोकेदुखी. मणक्यातून भूल दिल्यानंतर पहिल्या काही दिवसांत ही संभवते.

स्तन्यागमनाने येणारा ज्वर ग्रंथांत सांगितला आहे. परंतु सिझेरियन झालेल्या स्त्रीचा ज्वर हा गर्भाशयाचा, जखमेचा, मूत्रमार्गाचा किंवा स्तनाचा संसर्ग नाही असे ठरेपर्यंत स्तन्यज्वर म्हणून सोडून देऊ नये. काश्यपाने सूतिकेचे ६४ रोग मोजले ते त्यांच्या कष्टसाध्यतेची आठवण राहावी म्हणून, हे विसरून चालणार नाही.

मन आणि घर

शस्त्रक्रियेने प्रसूत झालेल्या अनेक स्त्रिया एक अपराधभाव घेऊन घरी येतात. 'कळा सोसल्या नाहीत', 'आमच्या वेळी असे नव्हते' ही वाक्ये त्यांच्या कानांवर पडत असतात. त्यात वैद्याने 'सिझर झाले, आता कंबर जन्माची गेली' अशी भर घालू नये. पहिल्या दोन आठवड्यांत क्षुल्लक कारणाने रडू येणे सामान्य आहे. त्यापुढेही उदासी, झोप न लागणे, बाळाविषयी ओढ न वाटणे राहिले तर तो रोग आहे आणि त्यावर उपचार आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक चिकित्सालयाच्या भिंतीवर असावा.

पुढील गर्भधारणेविषयीही याच काळात बोलावे. रजोदर्शन पुन्हा सुरू होण्यापूर्वीही गर्भ राहू शकतो, आणि गर्भाशयावरील व्रणाला भरून येण्यास वेळ लागतो. पुन्हा गर्भधारणेचा विचार करण्यापूर्वी किमान दोन वर्षे जाऊ द्यावीत, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला सिझेरियन झालेल्या स्त्रीला विशेषच लागू पडतो. गर्भाशयावर छेद कोठे व कसा घेतला याची नोंद असलेले रुग्णालयाचे कार्ड तिने जन्मभर जपावे, कारण पुढची प्रसूती कशी करावयाची हे त्यावर ठरते.

आक्षेप आणि प्रस्ताव

काही ज्येष्ठ वैद्य म्हणतील की अभ्यंग अर्धे काढले, शेक काढला, धुरी काढली, मग आपल्या सूतिकापरिचर्येत उरले काय? आमचे उत्तर असे की व्रणितोपासनीय अध्यायही आपलाच आहे, आणि परिहार सांगणे ही देखील चिकित्सा आहे. शिवाय उरते ते थोडे नाही. अग्नी पाहून आहार, योग्य वेळी बृंहण, पाठीचा हलका अभ्यंग, उदराला आधार, निवात व शुचि निवास, मनाचे सांत्वन, आणि या सर्वांवर रोजचे लक्ष, हे सूतिकापरिचर्येचे मर्म आहे. रुग्णालयातून सोडताना डॉक्टरांना चार शब्द सांगायला अवसर असतो. घरी सहा आठवडे काढावयाचे असतात. सूतिकाकाळ दीड महिना मानणारे आपले ग्रंथ आणि ४२ दिवसांवर बोट ठेवणारे आधुनिक शास्त्र येथे जवळजवळ एकाच ठिकाणी येतात. ही मधली जागा रिकामी राहिली तर ती शेजारीण भरते, मालीशवाली भरते, हल्ली मोबाइलवरील चित्रफीतही भरते. ती वैद्याने भरावी.

यासाठी आमचे तीन प्रस्ताव आहेत. पहिला, सिझेरियन झालेल्या सूतिकेला तपासताना रुग्णालयाचे कार्ड पाहिल्यावाचून आणि जखम प्रत्यक्ष पाहिल्यावाचून कोणीही औषध लिहू नये. दुसरा, वर दिलेली लक्षणे व वर्ज्य गोष्टी सोप्या मराठीत एका पानावर छापून संघटनेने सर्व सदस्यांना द्याव्यात, आणि ते पान सूतिकेच्या हाती न देता घरातील वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावे. निर्णय बहुधा त्यांचेच असतात. तिसरा, आपल्या गावातील आशा सेविकेशी संबंध ठेवावा. सिझेरियननंतर तिच्या गृहभेटी सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी ठरलेल्या असतात. सरकारी रुग्णालयात प्रसूत झालेल्या स्त्रीला २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली शस्त्रक्रिया, औषधे आणि सात दिवसांपर्यंतचा आहार निःशुल्क आहे, हेही अनेक कुटुंबांना ठाऊक नसते आणि खर्चाच्या भयाने ती स्त्री लवकर घरी येते. ते सांगणारा वैद्य असेल तर तिचे दोन दिवस तरी सुरक्षित जातील.

मालीश करणाऱ्या बाईलाही शत्रू समजू नये. तिचा हात त्या घरात आपल्या आधी पोहोचतो. तिला एकदा बोलावून, पोट सोडून द्यावे, एक पाय सुजलेला दिसला तर हात न लावता कळवावे, एवढे दोन नियम समजावून सांगितले तर ती आपली सहकारी होते. येत्या वर्षात प्रत्येक सदस्याने आपल्या गावातील अशा एका बाईशी तरी हे बोलावे, आणि त्याचा अनुभव या त्रैमासिकाकडे लिहून पाठवावा, अशी आमची नम्र विनंती आहे.